विश्लेषण : मासेमारीला जाताना स्वसंरक्षणासाठी बंदूक जवळ ठेवता येते का? वाघांच्या वर्धा जिल्ह्यात कायदा काय सांगतो?

पहाटेची वेळ, धरणाचा काठ, अंधारात सोडलेले जाळे आणि मागे जंगल. वर्धा जिल्ह्यात सेलू तालुक्यातील बोर धरणापासून समुद्रपूर, आर्वी, कारंजा भागातील तलावांपर्यंत अनेकांचा दिवस असाच सुरू होतो. कोणाचा तो पोटापाण्याचा व्यवसाय असतो, कोणी रविवारी गळ टाकून बसणारा हौशी असतो. परिसरात वाघ दिसल्याची बातमी आली की चहाच्या टपरीवर एक प्रश्न हमखास निघतो : एखादी छोटी बंदूक जवळ ठेवली तर? परवाना काढून रिव्हॉल्व्हर कमरेला लावले तर कोणाची हरकत असणार? प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या उत्तरात शस्त्र कायदा आणि वन्यजीव संरक्षण कायदा असे दोन कायदे एकमेकांत अडकलेले आहेत. चूक झाली तर जीव वाचूनही माणूस तुरुंगात जाऊ शकतो. म्हणून हा विषय नीट समजून घ्यायला हवा.

हा प्रश्न वर्ध्यातच का पडतो?

बोर अभयारण्याला १९७० मध्ये अभयारण्याचा आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. त्या वेळी त्याचे क्षेत्र सुमारे १३८ चौरस किलोमीटर होते, म्हणजे देशातील व्याघ्र प्रकल्पांमध्ये अगदी लहान. पण त्याचे महत्त्व त्याच्या जागेत आहे. पेंच, मेळघाट, ताडोबा, नवेगाव-नागझिरा या मोठ्या जंगलांच्या मधोमध तो येतो. तरुण वाघ नवीन क्षेत्र शोधत निघतो तेव्हा शेते, नाले, नदीकाठची झुडपे हाच त्याचा रस्ता असतो. त्यामुळे वर्धा जिल्ह्यात वाघ फक्त बोरच्या फाटकाच्या आत राहत नाही. गिरड परिसरापासून कारंजा तालुक्यापर्यंत त्याच्या हालचालींच्या बातम्या येत असतात.

दुसरीकडे वर्धा, वेणा, धाम, बोर, यशोदा या नद्या आणि त्यांच्यावरचे प्रकल्प हे भोई, ढीवर समाजातील अनेक कुटुंबांच्या उपजीविकेचे साधन आहे. उन्हाळ्यात पाणी आटते तेव्हा जे काही पाणी उरते, तिथेच मासे उरतात, तिथेच चितळ-रानडुक्कर येतात आणि त्यांच्यामागे वाघ-बिबट्याही येतो. माणूस आणि वाघ एकाच काठावर येण्याचे कारण इतके सरळ आहे.

बंदूक बाळगणे हा नागरिकाचा हक्क आहे का?

नाही. अमेरिकेत १७९१ च्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा हक्क दिला आहे. तिथे २०१० पासून राष्ट्रीय उद्यानांतही संबंधित राज्याच्या कायद्यानुसार बंदूक जवळ ठेवता येते. समाजमाध्यमांवर दिसणारे कमरेला पिस्तूल लावलेले मासेमार बहुतेक तिथलेच असतात. भारतात स्थिती वेगळी आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये बेकायदा शस्त्रांच्या प्रकरणाची स्वतःहून दखल घेताना हाच फरक अधोरेखित केला होता. परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्याचा हक्क आपल्या राज्यघटनेने कोणालाही दिलेला नाही.

याला इतिहास आहे. इंग्रजांनी १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना निःशस्त्र केले, याचा राग स्वातंत्र्य चळवळीत मोठा होता. पुढे ज्यांनी सेवाग्रामला आश्रम उभारला, त्या महात्मा गांधींनीही १९१८ मध्ये त्या कायद्यावर कडक टीका केली होती. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नोंदवला गेला होता. मात्र संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये, तेव्हाच्या मध्य प्रांत व वऱ्हाडचे सदस्य ह. वि. कामत यांनी हा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची सूचना मांडली तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तिला विरोध केला. सूचना फेटाळली गेली. त्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला, आणि आज २०१६ च्या शस्त्र नियमांसह तोच लागू आहे.

परवाना कोणाला मिळतो? कोणत्या शस्त्राचा?

अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. वर्ध्यात पोलीस आयुक्तालय नसल्याने सामान्य शस्त्रांसाठी परवाना देणारे अधिकारी जिल्हाधिकारी असतात. पोलिसांचा अहवाल, गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी, शस्त्र सुरक्षितपणे ठेवण्याची सोय, हाताळणीचे प्रशिक्षण अशा पायऱ्या असतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीन ऐवजी पाच वर्षे झाली आणि एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली.

इथे एक गोष्ट अनेकांना उलटी वाटेल. बंदूक जितकी छोटी, तितका परवाना मिळणे सोपे असेल, असा समज असतो. कायद्यात नेमके त्याच्या विरुद्ध आहे. शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये संरक्षण किंवा खेळासाठी किमान २० इंच, म्हणजे साधारण ५१ सेंटीमीटर नळी असलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. आपल्याकडची बारा बोअरची बंदूक या प्रकारात येते. पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचाही उल्लेख आहे. रिव्हॉल्व्हर, पिस्तूल यांसारख्या इतर शस्त्रांसाठी मात्र अर्जदाराकडे ‘सबळ कारण’ आहे, अशी अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. कारण उघड आहे. लांब बंदूक लपवता येत नाही, छोटी खिशात मावते.

व्यवसायाच्या स्वरूपामुळे जीविताला खरा धोका असेल, तर नियमांनुसार अर्जाचा विचार होऊ शकतो. त्यामुळे मच्छीमाराने अर्जच करू नये, असे कायदा म्हणत नाही. पण ‘रविवारी गळ टाकायला जातो, भीती वाटते’ हे कारण टिकणे कठीण आहे. आणि शेतकरी असलेल्या मच्छीमाराने पीक संरक्षणासाठी घेतलेली बंदूक खांद्यावर टाकून धरणावर जाणे, हा परवान्याच्या कारणाशी न जुळणारा वापर ठरतो. परवाना असला तरी शस्त्र सार्वजनिक ठिकाणी उघडे मिरवता येत नाही. ते आवरणात किंवा म्यानात असावे लागते.

दहा किलोमीटरची अट काय आहे?

बोरच्या आसपास राहणाऱ्यांसाठी हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी माहिती असलेला मुद्दा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम ३४ नुसार अभयारण्यात किंवा त्याच्या हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्र परवानाधारकाला मुख्य वन्यजीव रक्षकांकडे आपली नोंदणी करावी लागते. शिवाय या पट्ट्यात नवा शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी सहमती लागते. ती नसेल तर परवाना देता येत नाही. महाराष्ट्रात हे कार्यालय नागपूरला आहे.

याचा अर्थ असा की वाघाची भीती ज्या गावांत सर्वांत जास्त, त्याच गावांत नव्या बंदुकीचा परवाना मिळणे सर्वांत अवघड. गावकऱ्याला हा अन्याय वाटू शकतो, आणि त्याचे म्हणणे समजण्यासारखे आहे. कायद्याचा विचार मात्र असा आहे की जंगलाच्या कडेला बंदुका वाढल्या की शिकारही वाढते. स्वसंरक्षण आणि शिकार यांतला फरक नंतर सिद्ध करणे जवळपास अशक्य असते.

परवाना असेल तर बंदूक घेऊन अभयारण्यात जाता येते का?

नाही. कलम ३१ नुसार मुख्य वन्यजीव रक्षक किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय कोणालाही शस्त्र घेऊन अभयारण्यात प्रवेश करता येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांचा परवाना इथे पुरेसा नाही.

आणि इथेच मच्छीमाराला चकित करणारी तरतूद आहे. या कायद्यातील ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत बंदूक, दारूगोळा, धनुष्यबाण, विष यांच्यासोबत गळ, चाकू, जाळी आणि सापळे यांचाही समावेश आहे. म्हणजे अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरलेल्या माणसाच्या हातात बंदूक नसली, फक्त जाळे आणि गळ असला, तरी कायद्याच्या दृष्टीने तो शस्त्र घेऊन शिरलेला असतो. प्राण्यांच्या व्याख्येत मासेही येतात. ‘मी तर फक्त मासे धरत होतो’ हा बचाव म्हणूनच चालत नाही.

धरणाच्या बाबतीत गुंता अधिक आहे. एकाच जलाशयाचा एक काठ महसुली जमिनीला लागलेला आणि दुसरा संरक्षित जंगलाला, असे चित्र अनेक ठिकाणी असते. पाण्यावर रेष आखलेली नसते. म्हणून ठेका कोणत्या पाणीक्षेत्राचा आहे आणि वन विभागाची हद्द कुठून सुरू होते, हे सहकारी संस्थेने मत्स्यव्यवसाय आणि वन या दोन्ही विभागांकडून नकाशासह लेखी घेऊन ठेवणे हे बंदुकीपेक्षा जास्त संरक्षण देणारे पाऊल आहे.

या वादाचे शेजारचे उदाहरण पेंचचे आहे. तोतलाडोह जलाशयामुळे विस्थापित झालेल्या ३०५ आदिवासी कुटुंबांना मध्य प्रदेश सरकारने मासेमारीचे परवाने दिले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने १९९७ मध्ये या कुटुंबांच्या उपजीविकेचा विचार केला, पण छायाचित्र असलेली ओळखपत्रे, ठरलेल्या मर्यादेतच वावर, काठावर आग न पेटवणे अशा अटींवर भर दिला. उपजीविका आणि वाघ या दोघांचाही हक्क मान्य करायचा तर हद्द आणि ओळख स्पष्ट हवी, हा त्याचा मथितार्थ.

वाघ अंगावर आला आणि जीव वाचवण्यासाठी गोळी झाडली तर?

कायदा माणसाला मरू देत नाही. कलम ११ मध्ये स्पष्ट तरतूद आहे : स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी, सद्‌हेतूने वन्यप्राण्याला ठार मारले किंवा जखमी केले तर तो गुन्हा नाही. ही तरतूद वाघालाही लागू आहे.

पण त्याच कलमात पुढे एक अट आहे आणि सगळे प्रकरण तिच्यावर फिरते. बचावाची वेळ आली तेव्हा ती व्यक्ती या कायद्याचा किंवा त्याखालील नियमांचा भंग करत असेल, तर तिला हे संरक्षण मिळत नाही. आता मागचे मुद्दे एका ओळीत लावून पाहा. माणूस परवानगीशिवाय अभयारण्यात शिरला, हा एक भंग. जाळे घेऊन शिरला, हा दुसरा. बंदूक घेऊन शिरला, हा तिसरा. मग वाघ खरोखरच अंगावर आला आणि त्याने गोळी झाडली, तरी ‘स्वसंरक्षण’ हा बचाव त्याच्या हातातून निसटतो. वाघ अनुसूची एक मधील प्राणी आहे. त्याच्या शिकारीसाठी किमान तीन आणि कमाल सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे.

उलट बाजूही पाहू. कायदेशीर ठेक्याच्या क्षेत्रात, अभयारण्याबाहेर, हातात काठी-कुऱ्हाड असलेल्या मच्छीमारावर वाघाने हल्ला केला आणि त्या झटापटीत वाघ जखमी झाला, तर कलम ११ त्याच्या पाठीशी उभे राहते. अशा वेळी घटना लपवू नये. मेलेला प्राणी ही सरकारी मालमत्ता ठरते. त्याचे नख-दातही कोणी काढू नयेत. वन विभागाला आणि पोलिसांना ताबडतोब कळवणे हाच सद्‌हेतूचा पहिला पुरावा असतो.

समजा कायदा बाजूला ठेवला. छोट्या बंदुकीने जीव वाचतो का?

इथे अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचे गणित पुरेसे आहे. वाघ झेपावताना तासाला सुमारे ५० किलोमीटरचा वेग गाठू शकतो, म्हणजे सेकंदाला साधारण १४ मीटर. तो २० मीटरवरच्या झुडपातून निघाला तर तुमच्यापर्यंत पोहोचायला त्याला दीड सेकंदही लागत नाही. तरबेज नेमबाजालाही कमरेचे शस्त्र काढून नेम धरायला साधारण तेवढाच वेळ लागतो. मच्छीमाराचे हात ओले, त्यात जाळे अडकलेले, पाय चिखलात किंवा ट्यूबवर. शिवाय वाघ समोरून सूचना देऊन येत नाही. तो बहुधा मागून येतो, आणि खाली वाकलेला किंवा उकिडवा बसलेला माणूस त्याला चार पायांच्या सावजासारखा दिसू शकतो.

आता ऊर्जा पाहू. आपल्याकडे परवान्यावर मिळणाऱ्या .३२ बोअरच्या रिव्हॉल्व्हरच्या गोळीची नळीतून सुटतानाची ऊर्जा सुमारे १५० जूल असते. दोनशे किलोचा वाघ सेकंदाला १४ मीटर वेगाने येत असेल तर त्याची गतिज ऊर्जा साधारण १९,६०० जूल भरते. गोळीचा परिणाम फक्त ऊर्जेवर ठरत नाही, ती कुठे लागते यावरही ठरतो, हे खरे. पण दीड सेकंदात, हलत्या नावेतून, अंधारात ती नेमक्या जागी लागेल यावर जीव टांगणे शहाणपणाचे नाही. बारा बोअरच्या काडतुसाची ऊर्जा दोन हजार जुलांच्या घरात जाते, पण ती लांब बंदूक घेऊन जाळे ओढता येत नाही.

जखमी वाघ हा मेलेल्या किंवा पळालेल्या वाघापेक्षा कितीतरी धोकादायक असतो. आज चुकलेली गोळी उद्या गुरे चारायला गेलेल्या दुसऱ्याच कोणाच्या जिवावर उठू शकते. आणखी एक गोष्ट पाण्याची : तिरप्या कोनात पाण्यावर आदळलेली गोळी आत शिरण्याऐवजी उसळून पुढे जाऊ शकते. समोरच्या काठावर दुसरा मच्छीमार बसलेला असू शकतो.

परदेशातला अनुभव काय सांगतो?

अमेरिकेतील अलास्का राज्यात सामन मासे धरायला जाणारे लोक अस्वलांच्या भीतीने बंदूक बाळगतात. तिथल्या संशोधकांनी १८८३ ते २००९ या काळातील अस्वलांच्या २६९ घटनांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. बंदूक वापरली गेली तेव्हा अनेकदा अस्वल थांबले. छोट्या बंदुकीच्या बाबतीत हे प्रमाण ८४ टक्के होते. मात्र बंदूक वापरणारे आणि जवळ असूनही न वापरणारे यांना झालेल्या इजांमध्ये ठोस फरक आढळला नाही. त्याच गटातील संशोधकांच्या २००८ च्या अभ्यासात मिरचीच्या अर्काचा फवारा तपकिरी अस्वलांवर ९२ टक्के वेळा उपयोगी ठरला होता. अस्वल आणि वाघ यांची हल्ल्याची पद्धत वेगळी, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे आपल्याकडे लावता येणार नाहीत. पण बंदूक असली की माणूस निर्धास्त होतो आणि सावधपणा कमी होतो, ही शक्यता कुठेही तितकीच खरी.

आपल्याच देशात सुंदरबनमध्ये १९८० च्या दशकात वेगळा प्रयोग झाला. मध गोळा करणारे आणि मासेमार यांना डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाच्या चेहऱ्याचा मुखवटा बांधायला दिला गेला. वाघ मागून येतो, त्याला समोर चेहरा दिसला तर तो कचरतो, हा त्यामागचा तर्क. सुरुवातीला त्याचा चांगला परिणाम दिसला, नंतर वाघ सरावल्याचे सांगितले गेले.

एअरगन, देशी कट्टा, सुतळी बॉम्ब यांचे काय?

एअरगनला परवाना लागत नाही, हे अर्धे सत्य आहे. २० जुलांपेक्षा जास्त ऊर्जेची किंवा .१७७ इंचापेक्षा मोठ्या नळीची एअरगन परवान्याच्या कक्षेत येते. त्याखालची एअरगन वाघाला फार तर चिडवू शकते. आणि अभयारण्यात तीही शस्त्रच.

देशी कट्ट्याचा विचारही नको. विनापरवाना बंदूक सापडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांचा कारावास व दंड आहे. शिवाय कमी प्रतीच्या लोखंडी नळीत काडतुसाचा दाब सांभाळण्याची हमी नसते. नळी फुटली तर पहिली बोटे जातात ती चालवणाऱ्याची. पाण्यात स्फोट घडवून किंवा विष टाकून मासे मारणे तर १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. ‘वाघासाठी ठेवले होते’ हे कारण तिथे कोणी ऐकून घेणार नाही.

धोका वाघाचा नसून माणसांचा असेल तर?

अनेक ठिकाणी खरा वाद ठेक्याचा असतो. रात्री जाळी चोरीला जातात, बाहेरचे लोक चोरून मासे नेतात, धमक्या दिल्या जातात. अशा वेळी बंदुकीचा मोह जास्त होतो आणि तो जास्त घातक ठरतो. कारण भांडणात एका बाजूला बंदूक आली की पुढच्या वेळी दुसऱ्या बाजूलाही येते. संस्थेच्या नावाने पोलीस ठाण्यात लेखी तक्रार, तिची पोच, ठेक्याच्या कागदांची प्रत, रात्रीची गस्त गटाने घालणे आणि गरज पडली तर ११२ वर फोन, हा मार्ग लांबचा वाटतो. पण न्यायालयात तोच टिकतो.

वर्ध्याने या बाबतीत काय पाहिले आहे?

जुलै २०१७ मध्ये ब्रह्मपुरी परिसरात माणसांवर हल्ले केल्याचा ठपका असलेली ‘टी-२७ सी-१’ ही वाघीण पकडून, गळ्यात रेडिओ कॉलर बसवून बोरच्या जंगलात सोडण्यात आली. ती तिथे थांबली नाही. वर्धा आणि अमरावती जिल्ह्यांत ती फिरत राहिली, माणसांवरचे हल्ले झाले, गावे धास्तावली. तिला गोळी घालण्याचा आदेश निघाला, तो न्यायालयात गाजला. अखेर १४ ऑक्टोबर २०१७ रोजी कारंजा तालुक्यातील सिंदीविहिरी परिसरात शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेच्या प्रवाहाने तिचा मृत्यू झाला. वन विभागाची पथके मागावर असताना, कॉलरवरून ठिकाण कळत असताना, सशस्त्र माणसे अनेक दिवस तिला गाठू शकली नव्हती.

पुढच्याच वर्षी, २ नोव्हेंबर २०१८ रोजी शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात ‘टी-१’ म्हणजेच अवनी वाघीण गोळी घालून मारण्यात आली. तिथे सरकारी आदेश होता, अनुभवी शिकारी होते, वाहन होते. तरीही गोळी कोणत्या परिस्थितीत झाडली, नियम पाळले गेले का, यावरून चौकशा आणि न्यायालयीन लढाई झाली. आदेश असलेल्यांची ही स्थिती असेल, तर विनापरवानगी शस्त्र घेऊन गेलेल्या एकट्या माणसाची काय होईल, याचा अंदाज करता येतो.

मग मच्छीमाराने जीव कसा सांभाळायचा?

एकट्याने न जाता किमान तिघांनी जावे. दोघे जाळ्यावर, एकाचे लक्ष जंगलाकडे आणि पाठीमागे. वाघाची हालचाल पहाटे आणि संध्याकाळी जास्त असते. शक्य तिथे जाळे उजेडात टाकावे आणि उजेडातच काढावे. काठावर झुडपांकडे पाठ करून उकिडवे बसू नये. बोलत राहावे, मोबाइलवर गाणी लावावीत, घुंगराची काठी वाजवावी. वाघ बहुतेक वेळा माणसाची चाहूल लागली की बाजूला होतो, अचानक समोरासमोर येणे हा खरा धोका असतो. मोठ्या प्रकाशाची विजेरी सोबत असावी. मासे साफ करून आतडी काठावर टाकू नयेत, त्या वासाने रानडुक्कर आणि कुत्री येतात, त्यांच्यामागे बिबट्या. ताजे ठसे, ताजी शिकार किंवा बछडे दिसले तर त्या दिवसाचे मासे सोडून परत फिरावे. वन विभागाची मदतवाहिनी १९२६ आहे, तो क्रमांक मोबाइलमध्ये ठेवावा.

वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास राज्य सरकारकडून वारसांना २५ लाख रुपयांचे अर्थसाहाय्य मिळते. कायमचे अपंगत्व आणि गंभीर जखमांसाठीही तरतूद आहे. त्यासाठी घटना लगेच वन विभागाला कळवणे आणि पंचनामा होणे गरजेचे असते. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतील सामूहिक अपघात विम्यात मच्छीमाराच्या अपघाती मृत्यूसाठी पाच लाख रुपयांचे संरक्षण आहे. आपले नाव संस्थेमार्फत त्यात नोंदलेले आहे का, हे एकदा तपासून पाहावे.

आणि एक गोष्ट वाघाच्या चर्चेत नेहमी मागे पडते. १४ सप्टेंबर २०२१ रोजी याच वर्धा नदीत, अमरावती जिल्ह्यातील झुंज येथे नाव उलटून एकाच कुटुंबाशी संबंधित ११ जण बुडाले. पाण्यावर जाणाऱ्याचा रोजचा शत्रू पाणीच असतो. थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळे टाकणाऱ्याच्या अंगावर तरंगजाकीट क्वचितच दिसते. साप चावल्यावर मांत्रिकाकडे न जाता तडक रुग्णालय गाठणे, विजा चमकत असताना पाण्यातून बाहेर येणे, हेही याच यादीत येते.

थोडक्यात काय?

परवाना काढून बंदूक बाळगणे कायद्याने अशक्य नाही. पण बोरच्या दहा किलोमीटरच्या पट्ट्यात नवा परवाना मिळणे अवघड, अभयारण्यात ती नेणे लेखी परवानगीशिवाय गुन्हा आणि हद्द ओलांडलेली असेल तर स्वसंरक्षणाचा बचावही हातातून जातो. वाघाच्या एका झेपेसमोर छोटी बंदूक फारशी कामाची नाही, हे गणितही सांगते. रिव्हॉल्व्हरच्या किमतीत एका संस्थेच्या सगळ्या सभासदांना तरंगजाकिटे आणि चांगल्या विजेऱ्या येऊ शकतात. त्या घेऊन, तिघांनी मिळून, उजेडी जाळे काढायला गेलेला माणूस संध्याकाळी मासे घेऊन घरी परतण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे.